माळावरची सायकलवाट: नकाशावर ठेवायची की खोडायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजच्या अलीकडे, माळावरून जाणारी एक माउंटन बाइकची वाट तुम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर (ओएसएम), म्हणजे कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर, काढली. दुसऱ्या एका मॅपरने ती खोडली आणि चेंजसेटवर, म्हणजे केलेल्या बदलांच्या नोंदीवर, कारण दिलं, 'अभयारण्य, सायकलला बंदी'. तुम्ही परत काढली, त्याने परत खोडली. आता कॉमेंटमध्ये त्याचं 'तुम्ही शिकाऱ्यांना रस्ता दाखवताय' आणि तुमचं 'तुम्ही घरात बसून नकाशा करता' इथपर्यंत मजल गेली आहे. तुम्ही विचारताय की बरोबर कोण, आणि तक्रार कुठे करायची.

तक्रारीचं शेवटी बघू. मी या भागात बरीच वर्षं मॅपिंग करतोय, सायकलही चालवतो, आणि असली भांडणं सोडवायला मधे पडण्याची सवयही लागली आहे. माझा अनुभव असा की दोघेही भांडतात एकाच रेषेवरून, पण बोलत असतात वेगवेगळ्या प्रश्नांबद्दल. वाट जमिनीवर आहे का, हा एक प्रश्न. तिथून जायची परवानगी आहे का, हा दुसरा. सायकल चालते का आणि किती अवघड, हा तिसरा. आणि लोकांनी तिथं जावं असं आपल्याला वाटतं का, हा चौथा. पहिल्या तिन्हींसाठी ओएसएममध्ये टॅग, म्हणजे रेषेला जोडायच्या माहितीच्या चिठ्ठ्या, आहेत. चौथ्यासाठी नाही, आणि मुद्दामच नाही. तुम्ही म्हणताय 'वाट आहे', म्हणजे पहिला प्रश्न. तो म्हणतोय 'परवानगी नाही', म्हणजे दुसरा. पण करतोय काय, तर पहिल्याचं उत्तर खोडतोय. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात बहुतेक चौथा आहे.

ओएसएमचा मूळ नियम सोपा आहे: जमिनीवर जे आहे आणि दुसरा माणूस जाऊन तपासू शकतो, ते नकाशावर. बंदी असलेला रस्तासुद्धा रस्ताच असतो, त्याला बंदीचा टॅग लागतो. लष्करी छावणीतले रस्ते नकाशावर असतात, कारखान्याच्या आवारातले असतात. म्हणून 'परवानगी नाही, म्हणून खोडलं' हे कारण म्हणून टिकत नाही. पण 'वाट आहे, म्हणून काढली' एवढंही पुरत नाही. तुमच्या रेषेवर फक्त हायवे=पाथ (म्हणजे पायवाट) आणि बायसिकल=यस आहे. (टॅग इथे देवनागरीत लिहितोय, टाकताना अर्थातच इंग्रजीतच टाका.) त्या बायसिकल=यसचा अर्थ 'मी सायकल चालवली' असा नाही. त्याचा अर्थ 'इथून सायकल नेण्याचा लोकांना कायदेशीर हक्क आहे' असा आहे. तो हक्क कुठून आला, हे तुम्हाला सांगता येईल का? तिढा सगळा तिथं आहे.

आता तुम्ही जी माहिती दिली आहे ती नीट वाचली तर तुमची वाट एक नाहीच. रस्त्यापासून सुरुवातीला गावचं गायरान, मग वनविभागाचा चर आणि पाटी ओलांडून आतला तुकडा, आणि शेवटी एका शेतकऱ्याच्या बांधावरून गावच्या रस्त्याला. तुमच्या जीपीएसमध्ये ती एकच रेष उमटली, कारण तुम्ही एका दमात गेलात. जमिनीचे मालक तीन, म्हणून नकाशावरही तुकडे तीन करा. एडिटरमध्ये रेष तोडायला दोन क्लिक लागतात, आणि अर्धं भांडण तिथंच विरतं. कारण ज्या तुकड्याबद्दल त्या मॅपरचा आक्षेप खरा आहे तो वेगळा निघतो, आणि उरलेल्या दोन तुकड्यांवर त्याला बोलायला काही राहत नाही.

अभयारण्याचा तुकडा आधी घेऊ, कारण तिथं तो मॅपर बराचसा बरोबर असू शकतो. माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा सगळंच आलं होतं. पुढे हद्द नव्याने ठरली आणि क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. म्हणजे जुनी हद्द धरून बसलेला माणूस सोलापूर जिल्ह्याच्या निम्म्या गाडीवाटांना 'अभयारण्य' म्हणेल, आणि कागद दाखवूनही म्हणेल. त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्ही कुठली हद्द बघताय? चिडून नको, खरोखर माहिती हवी म्हणून. वाद निम्मा इथेच निकाली निघाल्याचं मी पाहिलं आहे, आणि दर वेळी सायकलवाल्याच्याच बाजूने नाही.

तुमचा तुकडा नव्या हद्दीतही आत असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २७ लागतं. अभयारण्यात कोणी जावं याची त्यात यादीच आहे: ड्यूटीवरचा सरकारी माणूस, आत राहण्याची परवानगी असलेले, आत ज्यांची जमीन आहे ते, सार्वजनिक हमरस्त्याने आरपार जाणारे, आणि अशा लोकांच्या घरचे. बाकीच्यांना कलम २८ खाली परवाना. बार्शी रस्त्याने सायकलवर जाणारा माणूस 'हमरस्त्याने जाणारा' आहे, त्याला कोणी अडवत नाही. चर ओलांडून गवतात शिरलेला माणूस त्यात बसत नाही. अभयारण्य नसून नुसतं आरक्षित वन असेल तरी १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ आहेच, तिथंही विनापरवाना घुसणं गुन्हा ठरू शकतो.

कायदा बाजूला ठेवला तरी कारण समजून घ्यायला हवं. आपल्याकडचा माळ परक्या माणसाला ओसाड वाटतो. पण माळढोक घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर एखादंच अंडं घालतो. टिटवी, चंडोल, पखुर्डी, सगळे जमिनीवरच. लांडगा पिल्लं वाढवतो ती याच बोडक्या टेकाडांच्या कपारीत. सायकलचा आवाज होत नाही म्हणून ती निरुपद्रवी असं आपण धरून चालतो, पण आवाज न करता अचानक समोर आलेल्या माणसाला पक्षी जास्त दचकतो. अंड्यावरची मादी उठली की उन्हात अंडं किती वेळ टिकेल, हे मे-जूनमध्ये सोलापुरात राहिलेल्याला सांगायला नको.

मग त्या तुकड्याचं नकाशावर काय करायचं? परिस्थितीवर अवलंबून आहे. वनविभागाची गस्तीची गाडीवाट असेल, म्हणजे दोन चाकोऱ्या, मुरूम, वर्षानुवर्षं तिथंच, तर ती हायवे=ट्रॅक म्हणून राहू द्या आणि ॲक्सेस=परमिट (परवान्यानेच प्रवेश) किंवा ॲक्सेस=नो (प्रवेश बंद) लावा, जे पाटीवर आहे त्याप्रमाणे. पाटीचा फोटो काढून ठेवा. जुनी गुराख्यांची पायवाट असेल तर तीही राहील, बायसिकल=नो सह. पण गेल्या मोसमात आपल्याच ग्रुपने गवत तुडवून पाडलेली नवी चाकोरी असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ती काढू नका. नियमाने काढता येते, इन्फॉर्मल=यस (लोकांच्या जाण्याने आपोआप पडलेली वाट) आणि ॲक्सेस=नो लावून, आणि माझ्याशी असहमत असलेले चांगले मॅपर आहेत. पण दोन पावसाळ्यांत जी दिसणारही नाही, ती नकाशावर आणून पक्की करायची घाई कशाला? घरट्यांच्या, लांडग्यांच्या बिळांच्या जागा तर कुठल्याच टॅगने टाकू नका, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

गायरानाचा तुकडा सोपा आहे, पटकन सांगतो. जमीन सरकारची, देखभाल ग्रामपंचायतीची, आणि गावच्या लोकांची वहिवाट तिथून पिढ्यान्‌पिढ्या. वाट दिसते, लोक जातात, कोणी अडवत नाही. हायवे=पाथ किंवा ट्रॅक आणि सरफेस (वाट माती-मुरमाची की कशाची) एवढं लावा, ॲक्सेसचा टॅग काहीच नको. माहिती नसेल तर टॅग रिकामा ठेवणं हे प्रामाणिक उत्तर आहे. सगळ्या खिडक्या भरल्याच पाहिजेत असं एडिटर सुचवतं, त्याचं ऐकू नका.

बांधाचा तुकडा मात्र नाजूक आहे, आणि तुमच्या भांडणात त्याचा कोणी उल्लेखच केलेला नाही. याचंच मला आश्चर्य वाटलं. वनविभागाला पाटी आहे, कायदा आहे, बाजू घेणारा मॅपर आहे. शेतकऱ्याकडे बाभळीची काटी आहे, तेवढीच.

आमच्याकडे एका वाटेवर असंच झालं होतं. बांधाच्या तोंडाशी काट्या आडव्या पडल्या, लागोपाठ टायर पंक्चर झाले, ग्रुपवर 'गावकरी त्रास देतात' सुरू झालं. एका मॅपरने तर 'अडथळा' म्हणून नकाशावर नोंदही टाकली. मी आणि ग्रुपमधले एक वयस्क काका त्या वस्तीवर गेलो. शेतकरी तापलेला नव्हता. म्हणाला, "सायकलचं काय नाही ओ मालक. हे बघा की जरा." बांधाच्या कडेने ठिबकची नळी आडवी गेली होती. जिथं सायकली बांधावरून खाली उतरायच्या तिथं ती चिरलेली, आणि जुन्या ट्यूबचे पट्टे कापून, सुतळीने आवळून बांधलेली. एक गाठ सोडवून त्याने दाखवली, पाणी फिसकारून बाहेर आलं. पुढच्या सऱ्या कोरड्या का राहतात ते त्याला महिनाभर कळलं नव्हतं. चहा झाला. ज्वारी निघाल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंत पलीकडच्या धुऱ्याने जा, नळीकडून नको, एवढंच त्याचं म्हणणं. आम्ही वाट पलीकडे सरकवली, बायसिकल=परमिसिव्ह लावलं आणि वर्णनात मोसम लिहिला. काट्या गेल्या.

परमिसिव्ह म्हणजे मालक जाऊ देतो, पण उद्या नाही म्हणू शकतो. आपल्याकडच्या बहुतेक शेतवाटांना हाच टॅग खरा बसतो, आणि तोसुद्धा विचारल्यावर. न विचारता असेल तर ॲक्सेस=प्रायव्हेट. इथं एक गैरसमज फार आढळतो. 'तहसीलदाराने या बांधावरून रस्ता दिलाय' असं गावात सांगतात आणि आपण त्याला सार्वजनिक समजतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतो, ती शेतकऱ्याला आपल्या शेतात जाता यावं म्हणून. शेजाऱ्याची बैलगाडी, ट्रॅक्टर तिथून जाईल. शहरातून आलेल्या आठ सायकलींना त्यात हक्क मिळत नाही.

याउलट काही वाटा खरोखर सर्वांच्या असतात आणि आपल्याला कल्पना नसते. तलाठ्याकडच्या गाव नकाशावर तुटक एकेरी रेषेने पायमार्ग आणि तुटक दुहेरी रेषेने गाडीमार्ग दाखवलेले असतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. शिवरस्ते, पाणंद रस्ते यांच्या नोंदी तिथं सापडतात, आणि जमिनीवर कोणी नांगरून घेतले असले तरी हक्क संपत नाही. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय कायदा १९०६ चं कलम ५ आजही वापरात आहे. तेव्हा वाटेच्या हक्काबद्दल शंका असेल तर तलाठी कार्यालयात जाऊन गाव नकाशा डोळ्यांनी बघा. फक्त एक पथ्य: तो नकाशा समोर ठेवून ओएसएमवर गिरवू नका, गूगल मॅप्सवरून तर मुळीच नाही. बघायचं, जमिनीवर जाऊन पडताळायचं, आणि आपल्या जीपीएसने काढायचं.

कोणी तुम्हाला ओएसएमच्या विकीवरचं परदेशी उदाहरण तोंडावर फेकलं, तर ते उदाहरण कुठलं आहे ते आधी बघा. इंग्लंडमध्ये पायवाटांची कायदेशीर वर्गवारी आहे. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने ब्रायडलवेवर, म्हणजे घोड्यांच्या वाटेवर, सायकलला परवानगी दिली, साध्या फुटपाथवर नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला जवळजवळ कुठूनही जायचा हक्क आहे. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात जंगलातल्या दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालत नाही. अमेरिकेत १९६४ च्या वाइल्डरनेस ॲक्टखालच्या जंगलांत सायकललाच बंदी. टॅग सगळीकडे तेच, हक्क प्रत्येक ठिकाणचा वेगळा. आपल्याकडे मोकळ्या माळावर फिरायचा सरसकट हक्क देणारा कायदा नाही आणि सरसकट बंदीही नाही; म्हणून तुकड्या-तुकड्याने विचार करण्यावाचून गत्यंतर नाही.

तुम्ही पुरावा म्हणून स्ट्राव्हा या ॲपचा हीटमॅप, म्हणजे लोक जिथून जास्त जातात तिथं गडद होणारा नकाशा, जोडलाय. तो पहिल्या प्रश्नाचा पुरावा आहे, दुसऱ्याचा नाही. पन्नास जण गेले म्हणून परवानगी सिद्ध होत नाही. शिवाय त्यात एक गोम आहे. तुम्ही नकाशावर रेष काढता, ॲप ती रेष दाखवतं, पोरं त्या रेषेवरून जातात, हीटमॅप आणखी गडद होतो, आणि मग तोच हीटमॅप 'बघा, वाट आहे' म्हणून पुढे येतो. आपणच पाडलेल्या पावलांचा दाखला आपणच देतो. म्हणून एखादी वाट सायकलीच्या आधीपासून होती का, हे तिथल्या धनगराला विचारा. पाच मिनिटांत खरं काय ते कळतं.

खोडणं कधी बरोबर? वाट खरंच गेली असेल तेव्हा. आपल्या काळ्या रानात हे दरवर्षी घडतं. उन्हाळ्यात शेताच्या मधून कडक, गुळगुळीत वाट पडते, पावसाळ्यानंतर नांगर फिरतो, रब्बीची ज्वारी उभी राहते आणि वाट शिल्लक राहत नाही. अशी वाट काढूच नये, काढली असेल तर बिनदिक्कत खोडा. (ओल्या काळ्या मातीत सायकल घातलीच असेल तर चाक फिरायचं थांबतं हे तुम्हाला माहीत असेल. तिथं पडलेली चाकोरी वाळली की दगडासारखी होते आणि शेतकरी वर्षभर शिव्या घालतो.) मुरमाड माळावरची वाट मात्र टिकते. बंद केलेली पण अजून दिसणारी वाट खोडण्याऐवजी टॅगच्या आधी डिसयूज्ड किंवा अबँडन्ड लावून ठेवावी. याचा एक व्यावहारिक फायदा आहे जो खोडणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: रिकाम्या जागी पुढचा नवा मॅपर उपग्रहचित्र बघून ती वाट उत्साहाने परत काढतो, ॲक्सेसच्या टॅगशिवाय. बंदीचा टॅग असलेली रेष त्या जागेवर उभी असली की तसं होत नाही. पक्ष्यांची काळजी असलेल्या माणसाला मी हेच समजावतो, आणि बहुतेकांना पटतं.

आता वागण्याचं. तिसऱ्यांदा रेष काढू नका. एकदा परत काढणं समजू शकतं, त्यापुढे ते एडिट वॉर होतं आणि बघणाऱ्याला दोघेही सारखेच दिसतात. त्याने शेवटचं खोडलं असेल तर तसंच राहू द्या. खोडलेली रेष डेटाबेसमधून नाहीशी होत नाही, तिचा इतिहास राहतो, आणि जोसम या एडिटरमध्ये अनडिलीट प्लगइनने जुन्या इतिहासासकट ती परत आणता येते. नवी रेष पुन्हा पुन्हा काढली तर तो इतिहास तुटतो आणि कोण कधी काय म्हणालं ते शोधता येत नाही. त्याच्या चेंजसेटवर शांतपणे लिहा, साधारण असं: 'मी वाटेचे तीन तुकडे करायचं म्हणतोय. मधल्या तुकड्याला बायसिकल=नो लावतो. तुम्ही कुठली हद्द आणि कुठली पाटी बघितली ते सांगाल का? रविवारी तिथं जाणार आहे, सोबत आलात तर बरं.' तो येईलच असं नाही. पण आठवडाभर उत्तर नाही आलं तर हा मजकूर तुमच्या बाजूने उभा राहतो. त्याचे शिकाऱ्यांबद्दलचे आणि तुमचे घरात बसण्याबद्दलचे संवाद कोणाच्याच बाजूने उभे राहत नाहीत.

त्यानंतरही तो खोडतच राहिला, तर आधी ओएसएमच्या भारतातल्या मंडळींसमोर मांडा. डेटा वर्किंग ग्रुप हा शेवटचा टप्पा. ते ओएसएम फाउंडेशनचे स्वयंसेवक आहेत, जगभरच्या तक्रारी बघतात, आणि त्यांना सोलापूरचं गायरान कुठलं आणि वन कुठलं हे कळण्याचा मार्ग नाही. ते बघतात की कोणी बोलायचा प्रयत्न केला आणि कोणी नाही. कित्येकदा ते शून्य तासांचा ब्लॉक लावतात, म्हणजे संदेश वाचल्याशिवाय पुढचं एडिट करता येत नाही. शिक्षा वगैरे काही नाही, पण न बोलणारा माणूस त्याने बोलू लागतो.

तुम्ही आणखी दोन बारीक गोष्टी विचारल्या होत्या. वाटेला ग्रुपने दिलेलं नाव नेम टॅगमध्ये टाकावं का? नको. गावातली माणसं तिला बिरोबाच्या देवळाकडची वाट म्हणत असतील तर ते टाका. आणि अवघडपणासाठी एमटीबी:स्केल लावायला हरकत नाही. तो ० ते ६ असतो आणि आपला माळ ० किंवा १ च्या वर क्वचित जातो. तो फक्त अवघडपणा सांगतो, त्याने परवानगी मिळत नाही, त्यामुळे बायसिकल=नो असलेल्या तुकड्यावर तो लावून उगाच आमंत्रण देऊ नका.

शेवटचं, तुमचे मित्र म्हणतात की टॅग बदलूनही ॲपमध्ये जुनीच वाट दिसते. प्रत्येक ॲप ओएसएमचा डेटा आपल्या वेळेने उचलतं. ऑसमअँड या ॲपचे साधे ऑफलाइन नकाशे महिन्यातून एकदा येतात आणि ते परत डाउनलोड करावे लागतात. त्यामुळे टॅग बदलल्यावर निदान महिनाभर तुमच्या ग्रुपवर स्वतःच एक मेसेज टाकून ठेवा की मधला तुकडा बंद आहे आणि बांधावरून जाताना नळीची बाजू सोडायची.